विषाला खूण नसते

मृगाचे दोन-चार पाऊस पडले की पनवेल, कर्जत, पेण, पालघर या भागांतल्या बाजारांत रस्त्याच्या कडेला हिरवे वाटे मांडले जातात. टाकळा, कुर्डू, फोडशी, कवळा, भारंगी, शेवळं आणि थोड्या दिवसांनी करटुली. विकायला बसलेल्या बायका बहुतेक ठाकर, कातकरी, वारली, महादेव कोळी समाजांतल्या आणि घेणारे शहरातले. अलीकडे या भाज्यांचं कौतुक फार वाढलं आहे. कृषी विभाग रानभाजी महोत्सव भरवतो, समाजमाध्यमांवर पाककृती फिरतात आणि पावसाळी भटकंतीला गेलेली मंडळी स्वतःच चार पानं खुडून पिशवीत टाकू लागली आहेत. साहजिकच एक प्रश्न हमखास विचारला जातो: विषारी वनस्पती ओळखायची कशी?

प्रश्न रास्त आहे, पण तो उलट्या बाजूने विचारलेला आहे. वनस्पतींमध्ये ‘विषारी’ नावाचं वेगळं घराणं नाही. बटाटा, टोमॅटो, वांगं, मिरची आणि धोतरा ही सगळी एकाच कुळातली. पाणी नितळ करणारी निवळी आणि माणूस मारणारा काजरा एकाच प्रजातीतले. गुंजेचा पाला आपण विड्यात घालून खातो आणि त्याच वेलीची फोडलेली बी जीव घेऊ शकते. म्हणून ‘विषारी झाडाची दहा लक्षणं’ अशी यादी कुणी दिली तर ती निरुपयोगी समजावी. ओळख होऊ शकते ती एकेका झाडाचीच.

ही ओळख नेमकी कुठे फसते? नोंदवलेल्या विषबाधा पाहिल्या तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. चूक करणाऱ्याच्या हातात अख्खं झाड नसतंच. एखादा कंद, मूठभर बिया, पानांची जुडी असा तुकडा असतो. फूल, मुळं, चढण्याची रीत, उगवण्याची जागा या ज्या खुणांनी दोन झाडं सहज वेगळी पडली असती, त्या मागे रानातच राहिलेल्या असतात.

करांदा आणि कळलावी

दिवाळीच्या पुढेमागे कोकणात करांदे, कणगरं, कोनफळं खणायचे दिवस येतात. उकडलेला करांदा मीठ लावून खाण्यात जी मजा आहे ती वेगळी सांगायला नको. पण ज्या कुंपणावर आणि रानाच्या ज्या कडेला या वेली चढतात, तिथेच कळलावीही चढते. तिच्या कंदात कोल्चिसिन हे जालीम विष असतं.

भर पावसात या दोन वेलींची गफलत होणं जवळपास अशक्य. कळलावीचं फूल तर कुणीही ओळखावं: पाकळ्या मागे वळलेल्या, कडा नागमोडी, बुडाशी पिवळ्या आणि वर लालभडक. अग्निशिखा हे तिचं दुसरं नाव त्यावरूनच पडलं. तमिळनाडूचं हे राज्यफूल आणि झिंबाब्वेचं राष्ट्रीय फूल. फूल नसलं तरी पान पुरेसं आहे. ते हातात घेऊन नीट पाहा. देठ जवळपास नाहीच, शिरा एकमेकींना समांतर आणि टोक निमुळतं होत होत बारीक दोऱ्यासारखं वळलेलं. या वळलेल्या टोकानेच वेल शेजारची फांदी धरते. करांद्याचं पान याच्या अगदी उलट. त्याला लांब देठ असतो, आकार बदामी असतो आणि देठाच्या जोडापासून निघालेल्या ठळक शिरा कमानी करत टोकाकडे जातात. करांद्याची वेल पानांनी काहीच धरत नाही. तिचं खोडच आधाराला पीळ घालत वर जातं आणि पानांच्या बगलेत खडबडीत करांदे लटकतात.

मात्र जमिनीतले कंद खणायची वेळ येते तेव्हा पाऊस संपून गेलेला असतो. वेली पिवळ्या पडून वाळतात, पानं झडतात आणि दोन्हींच्या सगळ्या खुणा पाचोळ्यात जातात. जमिनीत उरतो तो तपकिरी सालीचा, आतून पांढरा, पिठूळ कंद. कळलावीचा कंद लांबट, दोन्ही टोकांना निमुळता आणि बहुधा मध्येच काटकोनात वाकलेला असतो. ही खूण चांगली आहे, पण कंद खणताना तुटला की तीही हातची जाते. असे कंद रताळं किंवा रानातला खाण्याचा कंद समजून उकडून खाल्ल्याच्या घटना श्रीलंकेतल्या वैद्यकीय नोंदींत आहेत.

कोल्चिसिन काय करतं हे कळलं की या चुकीची किंमत कळते. हेच द्रव्य गाउट या सांध्यांच्या आजारावर डॉक्टर औषध म्हणून देतात, तेही अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपासच्या गोळ्यांत, अगदी मोजून. पेशी विभागताना तिच्या आत अतिसूक्ष्म नळ्यांचा एक सांगाडा उभा राहतो. कोल्चिसिन त्या नळ्या ज्या प्रथिनाच्या बनतात त्यालाच चिकटतं आणि सांगाडा उभा राहू देत नाही. त्यामुळे ज्या पेशी सगळ्यांत भराभर विभागतात त्यांना पहिला फटका बसतो: आतड्याचं अस्तर, हाडांतला मगज, केसांची मुळं. कंद खाल्ल्यावर सुरुवातीचे काही तास काहीच जाणवत नाही. मग उलट्या आणि पाण्यासारखे जुलाब सुरू होतात. जेवण बाधलं असेल म्हणून घरचे मीठ-साखरेचं पाणी देत बसतात. पुढच्या काही दिवसांत रक्तदाब कोसळतो, मूत्रपिंडं आणि यकृत हात टेकतात, पांढऱ्या पेशी घटतात. जो यातून वाचतो त्याचे केस दोन-तीन आठवड्यांनी गळून पडतात. कंद कितीही उकडला तरी कोल्चिसिन नष्ट होत नाही.

हेच विष आणि हीच चूक युरोपातही दिसते. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, क्रोएशिया या देशांत वसंत ऋतूत रानलसणीची पानं खुडण्याची मोठी हौस आहे. जर्मनीत तिला बेअरलाउख म्हणतात आणि तिथे स्थायिक झालेल्या मराठी घरांतही तिची चटणी होते. तशाच ओलसर जागी कोल्चिकम नावाचं रोप उगवतं. ते फुलतं शरद ऋतूत, म्हणून वसंतात त्याची नुसती पानंच दिसतात. कळलावी आणि कोल्चिकम एकाच कुळातल्या, आणि कोल्चिसिन हे नावही कोल्चिकमवरूनच आलेलं. तिकडे सांगितली जाणारी परीक्षा वासाची: पान चुरगाळा, लसणीचा वास आला तर घ्या. परीक्षा खरी आहे, पण ती पहिल्या पानापुरतीच. चार पानं चुरगाळली की बोटांनाच लसणीचा वास लागतो आणि पाचवं पान कोल्चिकमचं असलं तरी ‘पास’ होतं. एकाच खुणेवर विसंबणं किती धोक्याचं आहे, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही.

फोडशी आणि रानकांदा

आपल्याकडची फोडशी, म्हणजेच कुलू, ही क्लोरोफायटम प्रजातीतली. सफेद मुसळीही हिचीच बहीण. तिच्या एका जातीला वनस्पतिशास्त्रज्ञांनी मुंबईच्या बोरिवलीवरून ‘बोरिव्हिलिआनम’ असं नाव दिलेलं आहे. पहिल्या पावसानंतर डोंगरउतारावर गवतातून लांब, चपट्या पात्यांचे झुबके वर येतात, तीच फोडशी. निवडताना मधला कडक दांडा काढून टाकतात, पाती बारीक चिरतात आणि कांदा व चण्याची डाळ किंवा बेसन घालून भाजी करतात.

त्याच उतारावर, त्याच आठवड्यांत रानकांद्याचीही पाती निघतात. याला कोळकांदाही म्हणतात. भूमध्य समुद्राच्या काठी उगवणाऱ्या याच्या लाल कांद्याच्या भावंडापासून पूर्वी उंदरांचं औषध करत. रानकांद्यातली द्रव्यं थेट हृदयावर काम करतात. आधी मळमळ-उलट्या होतात, मग नाडी मंदावते आणि ठोके अडखळू लागतात.

नुसती पाती कापून आणली तर दोघांत फरक करणं अवघड. पण एक झुबका मुळासकट उपटला की प्रश्न मिटतो. फोडशीच्या बुडाशी कांदा नसतो, तिथे जाड, मांसल मुळांचा गुच्छ असतो. रानकांद्याच्या बुडाशी पांढऱ्या पापुद्र्यांचा नीट कांदा असतो. शिवाय ऋतूची एक खूण आहे. रानकांदा आधी फुलतो आणि मग पालवतो. एप्रिल-मेच्या कडक उन्हात, पानं अजून जमिनीखाली असताना, त्याचा उघडा, उंच फुलदांडा उभा राहतो. त्या जागी उन्हाळ्यात असा दांडा पाहिलेला माणूस पावसात तिथली पाती खुडत नाही. रानात राहणाऱ्यांना हे कळतं, कारण ते तीच जागा बाराही महिने पाहतात. शहरातून एका रविवारी गेलेल्याला ही खूण मिळूच शकत नाही.

बिया: सगळ्यांत लहान तुकडा

झाडाचा सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत फसवा तुकडा म्हणजे बी. धोतऱ्याचं झाड ओळखायला अडचण नाही. वर तोंड केलेलं कर्ण्यासारखं फूल, काटेरी गोल फळ, बुडाशी दोन्ही बाजू असमान असलेलं पान आणि चुरगाळल्यावर येणारा उग्र वास. गणपतीच्या पत्रीत तो असतो, महादेवाला वाहतात, त्यामुळे घरोघर तो माहीतही आहे. पण फळातून काढलेल्या त्याच्या बिया मिरचीच्या बियांत मिसळल्या तर सहज नजरेस येत नाहीत. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात, घरात चोरी करण्यासाठी अन्नातून धोतरा देण्याच्या चालीची नोंद केली आहे. पुढे वाटमारी करणाऱ्यांनीही प्रवाशांना गुंगवण्यासाठी धोतराच वापरला. म्हणून भारतातल्या न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत या दोन बियांमधला फरक शिकवण्याची परंपराच पडली.

तो फरक भिंगाखाली पाहण्यासारखा आहे. मिरचीची बी पातळ, गोलसर, फिकट पिवळी आणि गुळगुळीत. तिची कड एकेरी आणि धारदार. धोतऱ्याची बी जाड, मूत्रपिंडाच्या आकाराची, गडद पिवळट-तपकिरी. पृष्ठभागावर बारीक खळगे आणि कड दुहेरी. बी पात्याने चपट्या बाजूने दुभागली तर आतला कोंब दिसतो. मिरचीत त्याचं टोक सहाच्या आकड्यासारखं आत वळतं, धोतऱ्यात ते बाहेरच्या बाजूला वळलेलं असतं. धोतऱ्यातल्या अॅट्रोपिन आणि स्कोपोलामिन या द्रव्यांनी तोंडाला कोरड पडते, बुबुळांच्या बाहुल्या मोठ्या होतात, अंग तापतं आणि माणूस असंबद्ध बडबडतो, हवेतल्या न दिसणाऱ्या वस्तू पकडू पाहतो.

पिवळा धोतरा हे वेगळंच झाड, अफूच्या कुळातलं. काटेरी पानं, पिवळी फुलं, तोडल्यावर निघणारा पिवळा चीक. ते मूळचं मेक्सिकोकडचं, आता आपल्याकडे पडीक जमिनीवर सर्वत्र आहे. त्याच्या काळपट, बारीक, गोल बिया मोहरीसारख्या दिसतात. हातात घेऊन बारकाईने पाहिलं तर मोहरी जवळपास गुळगुळीत असते आणि पिवळ्या धोतऱ्याच्या बीवर जाळीदार खळगे असून एका टोकाला बारीकसा उंचवटा असतो. पण बियांचं तेल गाळलं की ही खूणही संपते. या तेलाची भेसळ झालेलं मोहरीचं तेल खाल्ल्याने पायांवर सूज चढते, धाप लागते आणि हृदय निकामी होतं. या आजाराची साथ कोलकात्यात १८७७ साली नोंदवली गेली होती. १९९८ साली दिल्लीत तीच साथ आली तेव्हा साठहून अधिक माणसं दगावली.

चंद्रज्योत, म्हणजे मोगली एरंड, हे तिसरं उदाहरण, आणि त्यात बळी पडतात ती मुलं. गुरं तोंड लावत नाहीत म्हणून शेताच्या आणि शाळांच्याही कुंपणाला ती लावतात. या शतकाच्या सुरुवातीला बायोडिझेलसाठी तिच्या लागवडीचा बराच गाजावाजा झाला. तिची काळी, लंबगोल बी फोडली की आत पांढरा, तेलकट गर मिळतो. त्याची चव शेंगदाण्याच्या जवळची असते आणि घात तिथेच होतो. मधल्या सुटीत मुलांनी बिया फोडून खाल्ल्या, एकाने दुसऱ्याला दिल्या आणि दुपारपर्यंत अर्धा वर्ग उलट्या-जुलाबांनी दवाखान्यात, अशा बातम्या महाराष्ट्राच्या कुठल्या ना कुठल्या जिल्ह्यातून येत राहतात. वेळेवर सलाईन मिळालं तर बहुतेक मुलं बरी होतात. पण ‘कडू असतं ते विष’ हे मुलांना शिकवून भागत नाही, हे चंद्रज्योत दाखवून देते.

गुंजेच्या बाबतीत जुळी भावंडं दोन आहेत. सोनार ज्या गुंजेने सोनं तोलत, आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा, ती वेलीवरची गुंज: लाल, अंडाकृती, एका टोकाला काळा ठिपका. रतनगुंज मोठ्या झाडावर येते. तिची बी अखंड लाल, चपटी गोल आणि तिला काळा ठिपका नसतो. रतनगुंज खेळण्यात, माळांत वापरतात आणि तिच्यापासून तसा धोका नाही. वेलीवरच्या गुंजेत अॅब्रिन असतं. ते पेशीतला प्रथिनं तयार करण्याचा कारखानाच बंद पाडतं. बीचं कवच इतकं टणक की अख्खी गिळली तर ती बऱ्याचदा तशीच बाहेर पडते. पण चावलेली, फोडलेली किंवा माळेसाठी भोक पाडलेली गुंज प्राणघातक ठरू शकते. गुंजेच्या लगद्याच्या सुया करून दुसऱ्याची गुरं मारण्याचे प्रकारही न्यायवैद्यकाच्या जुन्या पुस्तकांत नोंदलेले आहेत.

ठोकताळे कुठे फसतात

रानात जाणाऱ्यांच्या तोंडी काही ठोकताळे असतात. त्यातला प्रत्येक कुठे ना कुठे तोंडघशी पाडतो.

‘पक्षी खातात ते आपल्याला चालतं.’ कोकणातला काजरा पाहा. त्याचं फळ छोट्या संत्र्याएवढं, नारिंगी, मोहात पाडणारं. धनेश ते खातो. पण आतल्या राखाडी, चपट्या, बारीक लव असलेल्या बियांत स्ट्रिक्निन असतं. मज्जारज्जूत स्नायूंना आवर घालणारी जी यंत्रणा असते तिलाच ते गप्प करतं. मग जरा स्पर्श झाला, आवाज झाला तरी सगळं शरीर कमानीसारखं ताठतं. याचीच सख्खी बहीण निवळी. तिचं फळ लहान, पिकल्यावर काळं, आत गोलसर बी. ती बी मडक्याच्या आतल्या अंगाला घासली की गढूळ पाण्यातली माती खाली बसते. काजऱ्याच्या पानावर बुडापासून निघणाऱ्या तीन ते पाच ठळक शिरा असतात. रानदालचिनीच्या पानावरही तशाच तीन शिरा असतात, म्हणून शिरा मोजून भागत नाही. पान चुरगाळावं लागतं. दालचिनी लगेच वासाने बोलते, काजरा गप्प राहतो.

‘चीक निघाला म्हणजे विषारी.’ मग फणस, उंबर, चिकू यांचं काय करायचं? कुड्याच्या झाडाला भरपूर पांढरा चीक असतो आणि त्याच्या फुलांची, शेंगांची भाजी कोकणात आवडीने होते.

‘उकळलं की विष जातं.’ गुंजेतलं अॅब्रिन आणि एरंडीतलं रायसिन ही प्रथिनं आहेत, उष्णतेने ती मोडतात. कोल्चिसिन मोडत नाही. धोतऱ्याची द्रव्यं स्वयंपाकातून बऱ्यापैकी टिकून राहतात. म्हणजे पातेल्याखालच्या जाळाने काय होईल हे विष कुठलं आहे त्यावर ठरतं, आणि ते ठाऊक असेल तर झाड आधीच ओळखलेलं असतं.

विष ठाऊक असून खातात ती झाडं

आता दुसरी बाजू. रानभाज्यांतल्या कितीतरी भाज्या मुळात निरुपद्रवी नाहीतच. त्या खाता येतात, कारण विष कुठल्या भागात आहे आणि ते कसं काढायचं हे पिढ्यान् पिढ्या शोधून ठेवलेलं आहे.

शेवळं हे त्याचं ठळक उदाहरण. पहिल्या पावसाबरोबर जमिनीतून थेट फुलोराच वर येतो, तपकिरी-जांभळा. सुरणाच्या प्रजातीतलं हे झाड, त्यामुळे त्यात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुया असतात. त्या जिभेत, घशात टोचतात आणि खाज सुटते. म्हणून शेवळं निवडताना आतला पिवळसर दाणेदार भाग काढून टाकतात आणि भाजीत काकडाची आंबट फळं घालतात. बाजारात शेवळाच्या शेजारी काकडं विकायला असतात ती यासाठी. याच दिवसांत सापकांदाही डोकं वर काढतो. त्याच्या फुलोऱ्याचं आवरण वरून नागाच्या फण्यासारखं पुढे वाकलेलं असतं. शेवळाला असा फणा नसतो.

अळवाचंही तेच. भाजीच्या आणि वडीच्या अळवातही सुया असतात, म्हणून चिंच किंवा आमसूल पडतं. पण ओढ्याकाठी अळवासारखीच दिसणारी थोराड, चकचकीत पानांची झाडं असतात आणि त्यांची खाज चिंचेला दाद देत नाही. फरक पाहायचा तर पान उलटं करा. खाण्याच्या अळवात देठ पानाच्या कडेला जोडलेला नसतो. तो खाचेपासून थोडा आत, पानाच्या पाठीवर चिकटलेला असतो. थोराड रानअळवात वाढलेल्या पानाचा देठ खाचेतच, कडेला येऊन मिळतो. बाजारातली देठासकट जुडी पाहिली तर हे लगेच कळतं. देठ कापून टाकलेल्या पानांच्या गठ्ठ्यात मात्र तो जोडच नाहीसा होतो.

कडू करांद्याची रीत आणखी लांबलचक. चकत्या करायच्या, राख घालून उकळायच्या, पाणी फेकायचं, पुन्हा वाहत्या पाण्यात ठेवायच्या. ही रीत म्हणजेच या झाडाची अर्धी ओळख. नुसत्या फोटोवरून झाड ओळखणाऱ्याकडे ती नसते.

आणि एक प्रसंग असा, जिथे झाडाची ओळख बिनचूक असूनही धोका राहतो. दुधी भोपळा हा दुधीच असतो, फक्त एखादा कडू निघतो. काकडी-भोपळ्याच्या कुळातल्या क्युकर्बिटासिन या द्रव्यांचं प्रमाण त्यात वाढलेलं असतं आणि बाहेरून पाहून ते कळत नाही. कडू दुधीचा रस पिऊन २०१० साली दिल्लीत एक मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. तिचा सल्ला साधा होता: रस काढण्याआधी दुधीचा छोटा तुकडा चाखा, कडू लागला तर तो दुधी फेका आणि दुधीच्या रसात दुसरे रस मिसळू नका, कारण त्यांनी कडूपणा झाकला जातो. दुधीच्या बाबतीत जीभच कामाची. पण हा नियम दुधीपुरता, रानातल्या अनोळखी पाल्याला लावायचा नाही.

मग करायचं काय?

पहिलं म्हणजे विषारी झाडांची यादी पाठ करण्यापेक्षा खाण्याच्या दोन-तीन भाज्या पुरत्या ओळखाव्यात. पुरत्या म्हणजे मूळ, खोड, पान, फूल, बी, जागा आणि महिना यांच्यासकट. यातल्या तीन-चार खुणा एकमेकींना दुजोरा देत असतील तरच हात लावावा. एक जरी खूण विरोधात गेली तर बाकीच्या जुळल्या तरी झाड सोडून द्यावं.

दुसरं, मोबाइलवरची झाडं ओळखणारी अॅप्स कुतूहलासाठी उत्तम, स्वयंपाकघरासाठी नाहीत. अॅपला आपण दाखवतो तोही एक तुकडाच असतो, बहुधा वरून काढलेला पानाचा फोटो. रानकांद्याचा कांदा जमिनीखाली असतो आणि अळवाच्या देठाचा जोड पानाच्या पाठीवर.

तिसरं, विकत घेताना विकणाऱ्या मावशींशी बोलावं. ‘ताजी आहे ना?’ एवढंच विचारून थांबू नये. ‘मावशी, यातलं काय काढून टाकायचं? बरोबर आंबट काय घालायचं?’ हे विचारावं. निवडणं आणि शिजवणं यांत निम्मं ज्ञान आहे, आणि त्या बायका ते वाट्याबरोबर फुकट देतात. मुलांना शाळेच्या कुंपणावरची चंद्रज्योत, गुंज आणि धोतरा ही तीन झाडं प्रत्यक्ष दाखवून ठेवावीत.

आणि चूक झालीच तर वाट पाहू नये. उलटी व्हावी म्हणून मिठाचं पाणी पाजणं, घशात बोटं घालणं असले उपाय करू नयेत. गुंगीतल्या माणसाच्या फुप्फुसात उलटी जाऊ शकते. १०८ ला फोन करून किंवा मिळेल त्या गाडीने रुग्णालय गाठावं, रुग्णाला बरं वाटत असलं तरीही, कारण कळलावीसारखी विषं पहिले काही तास गप्प असतात. काय खाल्लं, किती वाजता, किती जणांनी, हे सांगावं. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे आणि डॉक्टर तिथे सल्ला विचारू शकतात. पण त्यासाठी आधी झाड कळायला हवं. पातेल्यात उरलेल्या शिजक्या भाजीवरून ते कुणालाच सांगता येत नाही. म्हणून कचऱ्याच्या टोपलीतली देठं, मुळं, साली, न शिजवलेली पानं कागदात गुंडाळून बरोबर न्यावीत, आणि भाजी जिथून खुडली तिथे कुणाला तरी पाठवून एक झाड मुळासकट उपटून मागवावं.